दोन देशांच्या शिक्षणाची तुलना: प्रश्नापासून प्रबंधापर्यंत

तौलनिक व आंतरराष्ट्रीय शिक्षण या विषयातल्या पहिल्या आराखड्यांची शीर्षके बहुधा एकाच साच्यातली असतात: 'फिनलंड आणि जपान येथील प्राथमिक शिक्षणाचा तौलनिक अभ्यास'. यात दोन देश आहेत, विषय आहे, पण प्रश्न नाही. असे काम हाती घेतले की वर्षभर माहिती गोळा होते, दोन देशांवर दोन जाडजूड प्रकरणे होतात आणि प्रत्यक्ष तुलनेच्या प्रकरणात पंधरा पानांपलीकडे सांगायला काही उरत नाही. कशाची कशाशी आणि कशासाठी तुलना करायची, हे पहिल्याच महिन्यात ठरले नाही की पुढे ते ठरत नाही.

प्रश्न आधी, देश नंतर

प्रश्न तपासायची एक साधी रीत आहे. आराखड्यातल्या दुसऱ्या देशावर हात ठेवा आणि उरलेल्या मजकुरातून प्रश्नाचे उत्तर मिळते का ते पाहा. मिळत असेल तर दुसरा देश केवळ शोभेसाठी आहे.

हा प्रश्न घ्या: मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी लहान वयात केली, तर पालकांच्या शिक्षणाचा मुलांच्या गुणांवरचा पगडा वाढतो का? ऑस्ट्रियात आणि जर्मनीच्या बहुतेक राज्यांत ही विभागणी साधारण १० व्या वर्षी होते. फिनलंडमध्ये १६ व्या वर्षापर्यंत सगळी मुले एकाच प्रकारच्या शाळेत असतात. एकट्या फिनलंडमध्ये बसून याचे उत्तर मिळणार नाही, कारण तिथे विभागणीचे वय सगळ्यांना सारखेच आहे. इथे दुसरा देश खरोखर लागतो.

देश निवडण्याच्या दोन प्रस्थापित पद्धती आहेत. एकीत इतर बाबतींत शक्य तितके सारखे आणि फक्त तुमच्या मुद्द्यावर वेगळे असे देश घेतात. दुसरीत जवळजवळ सगळ्याच बाबतींत वेगळे, तरी परिणाम सारखा असलेले देश घेतात आणि त्यांच्यातला समान धागा शोधतात. पहिली पद्धत कारण शोधायला बरी, दुसरी सिद्धांताची मर्यादा तपासायला. कोणतीही निवडा, पण निवडीचे कारण दोन परिच्छेदांत लिहून काढा. 'माहिती सहज उपलब्ध होती' एवढे कारण पुरत नाही. भाषा येणे ही मात्र रास्त अट आहे आणि ती उघडपणे लिहावी. ज्या देशाची भाषा येत नाही तिथले कायदे, वर्तमानपत्रे आणि शिक्षकांची कुजबुज यांपैकी काहीच हाती लागत नाही. लागतात ते फक्त इंग्रजीत छापलेले सरकारी अहवाल, आणि ते बाहेरच्यांसाठीच लिहिलेले असतात.

किती देश घ्यावेत? एका माणसाने तीन वर्षांत सखोल अभ्यास करायचा तर दोन, फार तर तीन. सांख्यिकी विश्लेषणात देश ही पातळी धरायची असेल तर ३० देश म्हणजे त्या पातळीवर फक्त ३० नोंदी, मग विद्यार्थी दोन लाख का असेनात. एवढ्यात देशपातळीवरचे दोन-तीन चल (बदलणारे, मोजायचे घटक) निभतात. आठ टाकले की कोणताही निष्कर्ष काढता येतो, म्हणजे कोणताच काढता येत नाही.

'देश' हे एकक खरे आहे का?

कॅनडात केंद्रीय शिक्षण मंत्रालय नाही. १० प्रांत आणि ३ प्रदेश आपापले शिक्षण चालवतात. जर्मनीत हे काम १६ राज्यांकडे आहे. अशा ठिकाणी 'कॅनडाचे धोरण' हे शब्द कागदावर असतात, शाळेत नसतात. २००९ मध्ये ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या पिसा चाचणीत (साधारण १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत) शांघाय पहिले आले, तेव्हा अनेकांनी त्याला 'चीन' म्हटले. २०१८ मध्ये चीनच्या नावापुढे बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि झेजियांग एवढेच चार भाग होते. तक्त्यात देशाचे नाव दिसले की त्याखाली कोणता भूभाग आहे, हे तळटिपेत पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये.

तौलनिक शिक्षणाचे अभ्यासक मार्क ब्रे आणि मरी थॉमस यांनी १९९५ मध्ये मांडलेला घन इथे उपयोगी पडतो. त्याच्या एका बाजूला भौगोलिक पातळ्या आहेत: जगातले प्रदेश, देश, राज्ये, जिल्हे, शाळा, वर्ग, व्यक्ती. दुसऱ्या बाजूला लोकसमूह, तिसऱ्या बाजूला शिक्षणाचे पैलू. आपला अभ्यास या घनात नेमका कुठे बसतो ते पेन्सिलीने दाखवा. बहुतेकांचे एक बोट देशावर आणि दुसरे वर्गावर पडते, म्हणजे माहिती वर्गातली आणि निष्कर्ष देशाबद्दल. मधल्या तीन पातळ्या वगळण्याचे समर्थन तुमच्याकडे हवे, नाहीतर त्यांतल्या निदान एकीवर काम करावे लागेल.

शब्द एक, अर्थ दोन

इंग्लंडमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणजे भरमसाट शुल्काची खासगी शाळा. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ सरकारी शाळा. 'किंडरगार्टन' जर्मनीत शालेय व्यवस्थेबाहेर आहे, अमेरिकेत बहुधा शाळेच्याच इमारतीत. 'प्राथमिक' म्हटले तर जर्मनीच्या बहुतेक राज्यांत ४ वर्षे, नॉर्वेत ७. मग 'प्राथमिक शिक्षणावरचा दर विद्यार्थी खर्च' हे दोन आकडे शेजारी ठेवले की तुलना वयोगटांची होते, कार्यक्षमतेची नाही.

यावर युनेस्कोचे इस्केड, म्हणजे शिक्षणाच्या स्तरांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण वापरतात. २०११ च्या आवृत्तीत ० ते ८ असे नऊ स्तर आहेत; १९९७ च्या आवृत्तीत रचना वेगळी होती. त्यामुळे जुन्या-नव्या मालिका जोडताना उच्च शिक्षणाचे आकडे अचानक उडी मारतात, आणि ती उडी पुष्कळदा वर्गीकरणाची असते.

पण इस्केड फक्त स्तरांचा गोंधळ सोडवते. तुमच्या प्रश्नातल्या प्रत्येक मुख्य संकल्पनेसाठी वेगळा 'संकल्पना-कागद' करावा लागतो. एका पानावर चार ओळी: संकल्पनेची तुमची व्याख्या; प्रत्येक देशात तिच्यासाठी वापरला जाणारा मूळ शब्द; कायद्यातली व्याख्या; आणि प्रत्यक्षात ते काम कोण करते. चौथी ओळ भरायला सर्वांत वेळ लागतो आणि तीच सर्वांत मोलाची ठरते. 'मुख्याध्यापकाची स्वायत्तता' असे लिहिताना एका देशात शिक्षक नेमण्याचा अधिकार शाळेला असतो आणि दुसऱ्यात नगरपालिकेला, हे या ओळीतच उघड होते. असे सहा-सात कागद भरून होईपर्यंत प्रश्नावलीला हात लावू नये.

पटनोंदणीचे आकडे

सकल नोंदणी गुणोत्तर १०० टक्क्यांवर गेलेले पाहून नवखे लोक छपाईची चूक समजतात. अंशात त्या स्तरावर शिकणारी सर्व वयांची मुले असतात, छेदात फक्त ठरलेल्या वयाची लोकसंख्या. ठरलेल्या वयाची १०० मुले असतील आणि वर्गांत मागे राहिलेली व उशिरा आलेली धरून १२० मुले असतील, तर गुणोत्तर १२०. म्हणजे जास्त आकडा हा चांगल्या प्रवेशाचा पुरावा असेल किंवा मुले वारंवार नापास होत असल्याचा. निव्वळ दरात फक्त ठरलेल्या वयाची मुले धरतात, पण तिथेही अंश शाळांच्या नोंदीतून आणि छेद जनगणनेच्या अंदाजातून येतो. जनगणना जुनी झाली, स्थलांतर वाढले की दर बिघडतो. पैशांचे आकडे चालू विनिमय दराने न घेता क्रयशक्ती समतेने (देशादेशांतल्या किमतींचा फरक धरणाऱ्या दराने) घ्यावेत, आणि वर्ष कोणते ते प्रत्येक स्तंभावर लिहावे.

पिसा, टिम्स, पर्ल्स: तयार डेटा वापरताना

हा डेटा विनामूल्य उतरवून घेता येतो, म्हणून तो सोपा वाटतो. सर्वांत जास्त प्रबंध इथेच घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी चाचणी ओळखा. पिसा २००० पासून होते; तिच्यात १५ वर्षे ३ महिने ते १६ वर्षे २ महिने वयाची, निदान सातवीत असलेली मुले घेतात. निवड वयाने होते, इयत्तेने नव्हे. जपानमध्ये ही सगळी मुले एकाच इयत्तेत असतात. जिथे नापास करण्याची प्रथा आहे तिथे ती तीन-चार इयत्तांत विखुरतात. टिम्स १९९५ पासून दर चार वर्षांनी, चौथी आणि आठवीचे गणित व विज्ञान तपासते. पर्ल्स २००१ पासून चौथीचे वाचन. या दोन्ही १९५८ साली सुरू झालेल्या आयईए या शैक्षणिक मूल्यमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आहेत, आणि त्या अख्खा वर्ग निवडतात. पिसामध्ये शाळेतून मुले सुटी निवडली जातात, त्यामुळे एखाद्या शिक्षकाच्या अध्यापनाचा परिणाम पिसातून काढता येत नाही. टिम्समध्ये शिक्षक मुलांशी जोडलेले असतात, पण नमुना मुलांचा असतो, शिक्षकांचा नाही. म्हणून '४० टक्के शिक्षक गटकार्य घेतात' असे न लिहिता '४० टक्के विद्यार्थ्यांचे शिक्षक गटकार्य घेतात' असे लिहावे लागते.

आता गणित. पिसाचा नमुना साधारणपणे किमान १५० शाळांचा असतो. प्रत्येक शाळेतून ३५ मुले घेतली तर संख्या ५,२५०. पण एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात. गुणांतल्या एकूण फरकापैकी ३० टक्के फरक शाळाशाळांमधला असेल, तर नमुन्याची माहिती १ + ३४ × ०.३ = ११.२ पटीने आटते. ५,२५० मुलांचे बळ सुमारे ४७० स्वतंत्र मुलांइतके उरते. नेहमीच्या सॉफ्टवेअरने नेहमीची प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे आकडा किती हलू शकतो याचे माप) काढली की ती खूपच लहान येते आणि सगळेच फरक 'सार्थ', म्हणजे योगायोगापलीकडचे, दिसू लागतात.

म्हणून पिसाच्या फाइलीत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक अंतिम भारांक (तो विद्यार्थी देशातल्या किती मुलांचे प्रतिनिधित्व करतो तो आकडा) आणि ८० प्रतिकृती भारांक (नमुना थोडा वेगळा पडला असता तर काय झाले असते हे पाहण्यासाठी बदललेली वजने) दिलेले असतात. रीत अशी: अंतिम भारांक लावून आकडा काढा; मग ८० प्रतिकृती भारांकांनी तोच आकडा ८० वेळा काढा; प्रत्येक वेळचा मूळ आकड्याशी फरक घेऊन वर्ग करा, बेरीज करा आणि २० ने भागा. हे नमुन्याचे विचरण, म्हणजे नमुन्यामुळे येणाऱ्या चढउताराचे माप. २० कुठून आले, तर ८० गुणिले ०.५ चा वर्ग. टिम्स आणि पर्ल्सची प्रतिकृती पद्धत वेगळी आहे. पिसाचे सूत्र तिथे चालत नाही.

दुसरा सापळा गुणांचा. प्रत्येक मूल सगळे प्रश्न सोडवत नाही. पुस्तिका वाटून दिल्या जातात. त्यामुळे एका मुलाचा एकच गुण दिलेला नसतो, तर त्याच्या क्षमतेचे अनेक संभाव्य आकडे दिलेले असतात, ज्यांना प्लॉझिबल व्हॅल्यू म्हणतात. पिसात २०१५ पासून ते १० आहेत, त्याआधी ५, टिम्समध्ये ५. त्यांची आधीच सरासरी काढून एक गुण बनवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने क्षमतेतला फरक आकसतो आणि अनिश्चितता नाहीशी होते. योग्य क्रम असा: संपूर्ण विश्लेषण प्रत्येक आकड्यासाठी वेगळे करा, दहा उत्तरांची सरासरी घ्या, आणि त्या दहा उत्तरांमधल्या विचरणाला १.१ ने गुणून नमुन्याच्या सरासरी विचरणात मिळवा. वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी.

हे हाताने करायची गरज नाही. आयईएचे आयडीबी ॲनलायझर एसपीएसएस, सॅस आणि आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरसोबत चालते. आरमध्ये इंटएसव्हीवाय आणि एडसर्व्हे ही पॅकेजेस आहेत, स्टाटामध्ये रेपेस्ट. पण पहिला आकडा नेहमी अधिकृत अहवालातलाच काढावा: देशाची गणिताची सरासरी आणि तिची प्रमाण त्रुटी. दशांशापर्यंत जुळली तरच पुढे जायचे. जुळली नाही तर बहुधा भारांक चुकलेला असतो किंवा अनुत्तरित प्रश्नांचे ९७, ९८, ९९ हे संकेतांक खरे आकडे समजून सरासरीत गेलेले असतात.

अनेक देश एकत्र करताना मूळ भारांक ठेवले तर मोठ्या लोकसंख्येचे देश उत्तर ओढून नेतात. प्रत्येक देशाचे वजन समान हवे असेल तर देशागणिक भारांकांची बेरीज सारखी होईल असे ते मोजून घ्यावे, आणि दोन्ही प्रकारे काढलेली उत्तरे परिशिष्टात द्यावीत.

क्रमांकाबद्दल एवढेच: दोन देशांच्या सरासरीत ३ गुणांचा फरक असेल तर तो पुष्कळदा नमुन्याच्या त्रुटीतच बुडालेला असतो. दोन फेऱ्यांची तुलना करताना दोन चाचण्या जोडण्याची त्रुटीही मिळवावी लागते. २०१५ मध्ये पिसाची मुख्य चाचणी कागदावरून संगणकावर गेली, हेही मालिकेकडे पाहताना ध्यानात हवे.

स्वतःची प्रश्नावली: भाषांतर आणि मापनाची समानता

मूळ भाषेतून दुसरीत आणि परत मूळ भाषेत, ही उलट-भाषांतराची रीत प्रसिद्ध आहे, पण ती शब्दशः आणि ओबडधोबड भाषांतराला उत्तीर्ण करते. त्यापेक्षा दोन भाषांतरकारांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, तिसऱ्याने ते जुळवावे आणि विषय जाणणाऱ्या शिक्षकाने वाचावे, हे बरे. भाषांतराच्या प्रत्येक वादाची नोंद ठेवा. परीक्षकांचा प्रश्न याच नोंदीवर येतो. नंतर प्रत्येक भाषेतल्या ८ ते १० जणांना प्रश्न वाचून 'तुम्हाला यात काय विचारले आहे असे वाटते?' असे विचारा. निम्मे बिघाड इथेच सापडतात.

तरीही '१ ते ४ पैकी निवडा' यात देशादेशांच्या सवयी उतरतात. काही समाजांत लोक टोकाचे पर्याय सहज निवडतात, काहींत मधलेच. एक सुप्रसिद्ध कोडे आहे: प्रत्येक देशाच्या आत गणिताची आवड असलेल्या मुलांचे गुण जास्त असतात, पण देशांच्या सरासऱ्या मांडल्या की जास्त आवड सांगणाऱ्या देशांचे गुण कमी दिसतात. म्हणून देशांच्या सरासऱ्यांवरून मुलांबद्दल बोलायचे नसते, आणि आवडीच्या सरासऱ्यांची तुलना तर मापन समान असल्याची खात्री करूनच करायची असते.

ही खात्री तीन पायऱ्यांत होते. घटकांची (विधानांमागच्या 'आवड' यासारख्या गोष्टींची) रचना सारखी आहे का. प्रत्येक विधानाचा घटकाशी संबंध तितकाच घट्ट आहे का. आणि विधानांचे आरंभबिंदू (आवड तितकीच असताना अपेक्षित उत्तर) सारखे आहेत का. दुसरी पायरी टिकली तर संबंधांची तुलना करता येते, तिसरी टिकली तरच सरासऱ्यांची. एका पायरीवरून पुढे जाताना सीएफआय (प्रतिमान माहितीशी किती जुळते याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबावे, असा संकेत दोन-तीन गटांसाठी रूढ आहे. तिसरी पायरी बऱ्याचदा टिकत नाही. मग सरासऱ्यांचा तक्ता काढून टाकावा लागतो. जिवावर येते, पण तो ठेवला तर चुकीचा निष्कर्ष छापला जातो.

परवानग्या आणि मुलाखती

नीतिमत्ता समितीची मान्यता आपल्या विद्यापीठात मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. दुसऱ्या देशातही ती लागते, शिवाय शिक्षण खाते, शाळा आणि पालक यांची वेगळी परवानगी लागते. सहा ते नऊ महिने धरा आणि अर्ज एकाच वेळी सुरू करा. युरोपीय संघातल्या लोकांची वैयक्तिक माहिती २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण नियमावलीच्या कक्षेत येते. ध्वनिमुद्रण कुठल्या देशातल्या सर्व्हरवर साठवणार, हे संमतिपत्रातच लिहावे.

प्रत्येक देशात मुलाखतींची संख्या आणि लोकांचे प्रकार सारखे ठेवा. एकीकडे १५ शिक्षक आणि दुसरीकडे १५ अधिकारी असे झाले तर देशांची नव्हे, हुद्द्यांची तुलना होते. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दांकन करायला पाच-सहा तास लागतात. सांकेतन (मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा देणे) मूळ भाषेतल्या मजकुरावर करा आणि उद्धृत करायचा तेवढाच भाग भाषांतरित करा; आधी सगळे इंग्रजीत आणले की संकल्पना-कागदावर टिपलेले फरक पुसले जातात. एका देशाची सगळी मुलाखत-सत्रे संपवून मग दुसऱ्याकडे जाऊ नये. दोन्हीकडे पहिल्या चार-पाच मुलाखती घेऊन प्रश्नसूची दुरुस्त करावी, म्हणजे दुसऱ्या देशात सुचलेला प्रश्न पहिल्यात विचारायचा राहत नाही.

तुलना मांडताना

तौलनिक शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज बेरेडे यांनी १९६४ मध्ये सांगितलेल्या चार पायऱ्या अजूनही कामाच्या आहेत: वर्णन, अर्थनिर्णय, शेजारी मांडणी आणि तुलना. लोक तिसरी पायरी गाळतात. एक मोठा तक्ता करा, आडव्या ओळींत मुद्दे, उभ्या स्तंभांत देश, आणि प्रत्येक चौकटीत पुराव्याचे पान किंवा फाइल क्रमांक. रिकाम्या चौकटी म्हणजे उरलेल्या क्षेत्रकार्याची यादी. प्रबंधाची प्रकरणे या आडव्या ओळींवरून पाडा, स्तंभांवरून नको.

कारण सांगताना कालगणना तपासा. पिसा २००० मधली फिनिश मुले १९८४ ची. ती सातव्या वर्षी, १९९१ च्या सुमारास शाळेत गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरच्या एखाद्या सुधारणेला त्यांच्या यशाचे श्रेय देता येत नाही. उलट, एकसंध शाळेचा १९६८ चा कायदा, १९७२ ते १९७७ दरम्यान झालेली तिची अंमलबजावणी आणि १९७९ पासून शिक्षकांसाठी आलेली पदव्युत्तर पदवीची अट या गोष्टी काळाच्या हिशोबात बसतात. बसतात म्हणजे कारण ठरतात असे नाही. त्या निदान उमेदवार आहेत.

धोरण एका देशातून दुसऱ्यात नेण्याविषयी लिहायचे तर डेव्हिड फिलिप्स आणि किम्बर्ली ऑक्स या अभ्यासकांनी मांडलेले चार टप्पे हाताशी ठेवा: आकर्षण, निर्णय, अंमलबजावणी, आणि स्थानिक रूपात मुरणे. बहुतेक अभ्यास दुसऱ्या टप्प्यावर थांबतात, कारण शासन निर्णयाचा कागद मिळतो आणि शाळेत मुरलेले धोरण मिळवायला वर्ष जाते. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांनी १९०० मधल्या, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या व्याख्यानात परक्या बागेतली फुले-पाने खुडून आपल्या मातीत रोवल्याने जिवंत रोप उभे राहत नाही, असे बजावले होते. प्रबंधाच्या शेवटी 'शिफारशी' लिहिताना प्रत्येक शिफारशीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: मूळ देशात ती कोणत्या व्यवस्थेच्या आधारावर उभी आहे, तो आधार दुसरीकडे आहे का, आणि नसेल तर तो उभा करायला कोणाचा अधिकार लागेल. या तिन्ही रकान्यांत लिहिण्यासारखे नसेल ती शिफारस गाळावी.

विश्लेषणाच्या आज्ञावलीच्या फाइली, संकल्पना-कागद आणि भाषांतराच्या वादांची नोंद परिशिष्टात किंवा विद्यापीठाच्या संग्रहात जमा करा. फाइलीच्या नावात डेटा उतरवल्याची तारीख घाला, कारण आंतरराष्ट्रीय संस्था जुने आकडे मागाहून सुधारतात आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी संकेतस्थळावर वेगळाच आकडा दिसू शकतो.